महिंद्राची रेसिंग टीम तळातून चौथ्या नंबरवर आली, आता शर्यत जिंकणार का?

६ डिसेंबर २०२५. ब्राझीलमधलं साओ पावलो शहर. १० टीम्सच्या २० इलेक्ट्रिक रेसिंग कार्स स्टार्ट लाइनवर उभ्या राहतील आणि फॉर्म्युला ईचा बारावा हंगाम सुरू होईल. यात पोर्श, जॅग्वार, निसान अशी नावं आहेत. आणि त्यांच्याच रांगेत मुंबईत मुख्यालय असलेल्या एका कंपनीच्या दोन कार्स आहेत, महिंद्राच्या.

क्रिकेटच्या बातम्यांमध्ये ही टीम सहसा दिसत नाही. पण गेल्या हंगामात तिने जे केलं ते छोटं नव्हतं. दोन वर्षं तळाशी असलेली टीम थेट चौथ्या क्रमांकावर आली. तरीही एक गोष्ट बाकी आहे. या टीमने शेवटची शर्यत जिंकली ती जुलै २०२१ मध्ये. तेव्हापासून ६०हून जास्त शर्यती झाल्या, महिंद्राच्या खात्यात एकही विजय नाही.

त्यामुळे यंदाचा प्रश्न सरळ आहे. चौथ्या नंबरची टीम जिंकत का नाही, आणि २०२५-२६ मध्ये तो दुष्काळ संपेल का? समजून घेऊया, अगदी पहिल्यापासून.

फॉर्म्युला ई म्हणजे नेमकं काय?

फॉर्म्युला वन तुम्ही ऐकलं असेल. फॉर्म्युला ई ही त्याच धर्तीची, पण पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या कार्सची स्पर्धा. पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ला बीजिंगमध्ये झाली. २०२०-२१पासून तिला एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या विश्वविजेतेपदाचा दर्जा आहे.

बहुतेक शर्यती शहरांमधल्या रस्त्यांवर किंवा तात्पुरत्या ट्रॅकवर होतात. एका टीमच्या दोन कार्स असतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ आणि असं करत दहाव्याला १ गुण. पोल पोझिशन, म्हणजे शर्यत सर्वात पुढून सुरू करण्याचा मान मिळवला की ३ गुण जास्तीचे.

महत्त्वाचा फरक असा की, इथे सगळ्या टीम्सची कार बरीचशी सारखी असते. सांगाडा तोच, बॅटरी तीच, टायर तेच. टीम किंवा कंपनी स्वतः बनवते ते मुख्यतः मागची मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर. म्हणजे ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची बॅटरी मोठी, असं इथे होत नाही. प्रत्येकाला वीज सारखीच मिळते. ती कोण कशी खर्च करतं, यावर निकाल ठरतो.

साडेअडतीस युनिटचं गणित

एका शर्यतीसाठी कारला साधारण ३८.५ किलोवॉट-तास ऊर्जा वापरता येते. महावितरणच्या बिलाच्या भाषेत ३८.५ युनिट. बिलावरचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंतचा असतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी. महिंद्राचीच बीई ६ ही रस्त्यावर धावणारी कार घेतली तर तिच्यात ५९ किंवा ७९ किलोवॉट-तासांची बॅटरी येते. म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकणाऱ्या रेसिंग कारला आपल्या शोरूममधल्या कारपेक्षा कमी वीज दिलेली असते.

आता पुढचं गणित. शर्यतीत कारची ताकद ३०० किलोवॉट असते. पूर्ण ताकदीने चालवली तर मिनिटाला ५ युनिट जातात. ३८.५ युनिट आठ मिनिटंसुद्धा पुरणार नाहीत. आणि शर्यत चालते पाऊण तास किंवा त्याहून जास्त.

मग उरलेला वेळ गाडी धावते कशी?

एक म्हणजे चालक वळण येण्याच्या बऱ्याच आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि गाडी तिच्या वेगावर सोडून देतो. दुसरं म्हणजे ब्रेक लावताना मोटर उलटं काम करते आणि वीज तयार करून बॅटरीत परत टाकते. दापोलीहून दाभोळला येताना रस्ता शेवटी खाडीकडे उतरत जातो. त्या उतारावर इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन आलात, तर स्क्रीनवर चार्जिंग सुरू असल्याची खूण दिसते. तत्त्व तेच. फक्त रेसिंग कारमध्ये ही वीज ६०० किलोवॉटपर्यंतच्या वेगाने परत येते. आयोजकांच्या म्हणण्यानुसार शर्यतीत वापरलेली जवळपास निम्मी वीज अशी ब्रेकिंगमधून मिळवलेली असते.

तिसरी युक्ती म्हणजे दुसऱ्याच्या आडोशाने जाणं. पुढची कार हवा कापते, मागच्या कारला कमी जोर लावावा लागतो. त्यामुळे काही ट्रॅकवर शर्यतीच्या पहिल्या भागात कुणालाच पुढे राहायचं नसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण तिथे मागे राहणारा वीज साठवत असतो.

यात भर म्हणून 'अटॅक मोड' असतो. नेहमीची ओळ सोडून ट्रॅकच्या बाहेरच्या ठरावीक पट्ट्यावरून गाडी नेली की काही मिनिटांसाठी ५० किलोवॉट जास्त ताकद आणि चारही चाकांना जोर मिळतो. तो कधी घ्यायचा, हा प्रत्येक शर्यतीतला सर्वात मोठा जुगार.

वीज चुकली तर काय होतं, हे महिंद्राइतकं कुणाला माहीत नसेल. फेब्रुवारी २०१९, मेक्सिको सिटी. महिंद्राचा पास्कल वेरलाइन पहिल्या स्थानावर होता. शेवटची लॅप, शेवटचं वळण, समोर फिनिश लाइन. आणि कारची वीज संपली. रेषा काही मीटरवर असताना ऑडीचा लुकास डी ग्रासी शेजारून पुढे निघून गेला. वर ५ सेकंदांचा दंड बसला आणि वेरलाइन सहाव्या स्थानावर ढकलला गेला.

महिंद्रा यात आली कशी?

महिंद्रा पहिल्या दिवसापासून आहे. २०१४ला बीजिंगच्या पहिल्या शर्यतीत महिंद्राकडून करुण चंढोक आणि ब्रुनो सेना उतरले होते. चंढोक चेन्नईचा. सेना हा फॉर्म्युला वनचा दिग्गज आयर्टन सेना याचा भाचा. त्या वेळी टीमचे प्रमुख होते दिलबाग गिल.

पहिल्या हंगामात १० टीम्समध्ये आठवा क्रमांक आला. दुसऱ्यात पाचवा. तिसऱ्यात थेट तिसरा. त्याच तिसऱ्या हंगामात, १० जून २०१७ला बर्लिनमध्ये स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्टने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. पुढच्या हंगामात त्याने हाँगकाँग आणि माराकेशची शर्यत जिंकली. जानेवारी २०१९ मध्ये माराकेशलाच जेरोम डाम्ब्रोसिओ जिंकला.

आणि मग थेट २५ जुलै २०२१, लंडन. त्या दिवशी डी ग्रासीने सेफ्टी कार ट्रॅकवर असताना पिट लेनमधून गाडी काढून आघाडी घेतली. पण तिथे नियमाप्रमाणे पूर्ण थांबला नाही म्हणून तो बाद झाला, आणि महिंद्राचा अ‍ॅलेक्स लिन विजेता ठरला. ११ हंगामांत महिंद्राचे एकूण विजय पाच. हा पाचवा, आणि आजवरचा शेवटचा.

मग घसरण कशी झाली?

२०२२-२३ मध्ये कारची नवी पिढी आली, जेन३. हलकी, जास्त ताकदीची, मागच्या चाकांना नेहमीचे ब्रेकच नसलेली. नियम बदलले की जो आधी तयार असतो तो पुढे जातो. महिंद्रा तयार नव्हती.

सुरुवात फसवी होती. मेक्सिकोच्या पहिल्याच शर्यतीत डी ग्रासीने, जो आता महिंद्राकडे आला होता, पोल पोझिशन घेतली आणि तिसरा आला. पण दीड महिन्यातच केपटाऊनला मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षेवरून शंका निर्माण झाली. महिंद्राला आपल्या दोन्ही कार्स मागे घ्याव्या लागल्या. महिंद्राचंच तंत्र वापरणाऱ्या आब्ट कुप्रा टीमच्या दोन्ही कार्सही उतरल्या नाहीत. हंगाम अर्धवट असताना ऑलिव्हर रोलंडने टीम सोडली. शेवटी ११ टीम्समध्ये दहावा क्रमांक आला. त्यापुढच्या हंगामातही महिंद्रा तळाच्या तीन टीम्समध्येच राहिली.

यातली बोचणारी बाब वेगळीच आहे. महिंद्रातून गेलेला वेरलाइन पोर्शकडून २०२३-२४चा विश्वविजेता झाला. महिंद्रातून गेलेला रोलंड निसानकडून २०२४-२५चा विश्वविजेता झाला. म्हणजे चालक निवडण्यात महिंद्रा चुकत नव्हती. त्यांना जिंकून देईल अशी गाडी तिच्याकडे नव्हती.

मग गेल्या वर्षी काय बदललं?

बदलाला सुरुवात २०२२च्या शेवटी झाली होती. एफआयएमध्ये काम केलेले फ्रेदेरिक बेर्त्रां टीमचे प्रमुख झाले. इंग्लंडमधल्या बॅनबरी इथल्या टीमच्या तळावर पुढच्या कारचं काम सुरू झालं. पण फॉर्म्युला ईमध्ये कारचे मुख्य भाग हवे तेव्हा बदलता येत नाहीत. एकदा मंजूर करून घेतलेलं हार्डवेअर दोन हंगाम वापरावं लागतं. म्हणून २०२२-२३ची चूक २०२३-२४ मध्येही भोगावी लागली. सुधारायची पहिली संधी आली ती २०२४-२५ला, जेन३ इव्हो नावाची सुधारित कार आली तेव्हा.

ती संधी महिंद्राने साधली. मोनॅकोमध्ये निक डी व्रीज दुसरा आला. जकार्तामध्ये एदोआर्दो मोर्तारा दुसरा. बर्लिनच्या पावसात पुन्हा मोर्तारा दुसरा. आणि लंडनच्या शेवटच्या दोन शर्यतींमध्ये, लागोपाठ दोन दिवस, डी व्रीज दुसरा.

पोर्श, जॅग्वार, निसान आणि चौथी महिंद्रा. २०१७-१८नंतरची ही टीमची सर्वात चांगली कामगिरी.

पण वरची यादी परत वाचा. दुसरा, दुसरा, दुसरा, दुसरा, दुसरा. एकदाही पहिला नाही.

गाडी चालवतंय कोण?

यंदाही तेच दोघं, सलग तिसऱ्या हंगामात.

निक डी व्रीज नेदरलँड्सचा. २०१९चा फॉर्म्युला टू विजेता आणि २०२०-२१चा फॉर्म्युला ई विश्वविजेता, तेव्हा तो मर्सिडीजकडे होता. २०२३ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये अल्फाटॉरीची जागा मिळाली, पण १० शर्यतींनंतर ती गेली. तिथून तो महिंद्राकडे आला.

एदोआर्दो मोर्तारा स्वित्झर्लंडचा, वयाने आणि अनुभवाने मोठा. या दोघांची एक जुनी गोष्ट आहे. १५ ऑगस्ट २०२१, बर्लिन, हंगामाची शेवटची शर्यत. दोघंही विजेतेपदाच्या शर्यतीत. सुरुवात होताच समोर मिच एव्हान्सची जॅग्वार जागच्या जागी बंद पडली आणि मागून येणारा मोर्तारा तिच्यावर आदळला. त्याचं विजेतेपद तिथेच संपलं. डी व्रीज ९९ गुणांसह विश्वविजेता झाला, मोर्तारा ९२ गुणांसह दुसरा राहिला.

आज ते एकाच टीममध्ये आहेत. दोघांनाही जिंकणं माहीत आहे, पण दोघांचाही फॉर्म्युला ईमधला शेवटचा विजय २०२२चा आहे. म्हणजे दुष्काळ फक्त टीमचा नाही, चालकांचाही आहे.

डी व्रीजबाबत गेल्या वर्षी एक अडचण आली होती. तो टोयोटाकडून सहनशक्तीच्या लांब शर्यतींमध्येही उतरतो. तारखा एकत्र आल्यामुळे बर्लिनच्या दोन शर्यती त्याला सोडाव्या लागल्या आणि त्याच्या जागी फेलिपे ड्रुगोविच आला. १६ शर्यतींच्या हंगामात दोन शर्यती हुकणं ही वैयक्तिक क्रमवारीत मोठी किंमत असते.

यंदा काय नवीन आहे?

आकड्यांत पाहू.

• १७ शर्यती, ११ शहरं. साओ पावलो, मेक्सिको सिटी, मायामी, जेद्दा, माद्रिद, बर्लिन, मोनॅको, सान्या, शांघाय, टोकियो आणि १५-१६ ऑगस्ट २०२६ला लंडन.
• ११ऐवजी १० टीम्स. मॅकलारेन बाहेर पडली.
• मासेरातीच्या जागी सिट्रोएन आली. तिच्याकडे जाँ-एरिक व्हेर्न आणि निक कॅसिडी आहेत.
• जॅग्वारने एव्हान्सच्या जोडीला अंतोनिओ फेलिक्स दा कोस्टाला घेतलं. पोर्शकडे वेरलाइनसोबत निको म्युलर आला.

आणि काय बदललेलं नाही? महिंद्राचं हार्डवेअर. दोन हंगामांच्या नियमामुळे २०२४-२५ची मोटर आणि गिअरबॉक्स याही वर्षी तेच. बदलता येतं ते सॉफ्टवेअर, म्हणजे वीज कधी किती द्यायची, ब्रेकिंगमधून किती परत घ्यायची, टायर तापलेले असताना काय करायचं, याच्या सूचना.

हा नियम दोन वर्षांपूर्वी महिंद्राच्या मुळावर आला होता. यंदा तो तिच्या बाजूने आहे. चांगली गाडी तशीच राहणार आहे आणि जोडीही तीच आहे. बऱ्याच प्रतिस्पर्ध्यांना मात्र नव्या चालकांची घडी बसवायची आहे.

मग अडतंय कुठे?

पहिली अडचण आहे माहितीची. पोर्शचं तंत्र पोर्श, आंद्रेट्टी आणि कुप्रा किरो अशा तीन टीम्स वापरतात, म्हणजे सहा कार्स. जॅग्वारचं तंत्र एन्व्हिजनकडेही आहे, म्हणजे चार कार्स. डीएस पेन्स्के आणि सिट्रोएन एकाच स्टेलांटिस समूहाच्या, त्याही चार. महिंद्राच्या फक्त दोन. आब्ट टीम पूर्वी महिंद्राचं तंत्र घ्यायची, ती आता लोला-यामाहासोबत आहे.

याने फरक काय पडतो? शर्यतीच्या आठवड्यात सरावाला वेळ फार थोडा मिळतो. सहा कार्स असतील तर सहा वेगवेगळे प्रयोग करून पाहता येतात. दोन कार्समध्ये दोनच. अंदाज चुकला तर दुरुस्त करायला वेळ राहत नाही. निसान आणि लोला-यामाहाचीही हीच स्थिती आहे. पण निसानने दाखवून दिलंय की यावर मात करता येते. गेल्या वर्षी त्यांचं तंत्र मॅकलारेनकडे होतं हे खरं, तरी विश्वविजेता चालक निसानचाच निघाला.

दुसरी अडचण पात्रता फेरीची. इथे २० चालकांचे दोन गट पडतात. प्रत्येक गटातले पहिले चार पुढे जातात आणि मग उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम अशा एकास एक लढती होतात. मोनॅकोसारख्या अरुंद रस्त्यांवर मागून पुढे येणं कठीण असतं. आठमध्ये आलात तर विजयाची शक्यता हातात राहते. नाहीतर अटॅक मोड आणि नशिबावर अवलंबून राहावं लागतं.

तिसरी अडचण म्हणजे लक्ष दोन ठिकाणी विभागलं जाणं. २०२६-२७ मध्ये जेन४ नावाची पूर्ण नवी कार येतेय. नोव्हेंबर २०२५च्या सुरुवातीला ती जगासमोर आली. तिची कमाल ताकद ६०० किलोवॉट, आताच्या ३५०च्या मानाने जवळपास पावणेदोन पट, आणि चारही चाकांना कायम जोर. ती बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये महिंद्राही आहे. म्हणजे अभियंत्यांना एकीकडे आताची कार जिंकवायची आहे आणि दुसरीकडे पुढची कार घडवायची आहे. जेन३च्या वेळी तयारी कमी पडली तर दोन वर्षं जातात, हे टीमने पाहिलंय. त्यामुळे हंगामाच्या उत्तरार्धात मनुष्यबळ जेन४कडे वळलं तर नवल नाही. बाकीच्या कंपन्यांपुढेही हाच पेच आहे. पण महिंद्रासारख्या लहान टीमला तो जास्त जाणवतो.

यात भारताचं काय?

प्रश्न रास्त आहे. टीमचा तळ इंग्लंडमध्ये, चालक युरोपचे, आणि १७ पैकी एकही शर्यत भारतात नाही.

भारतात फॉर्म्युला ईची शर्यत एकदाच झाली. ११ फेब्रुवारी २०२३ला हैदराबादमध्ये, हुसेन सागर तलावाच्या काठावर. पुढच्या वर्षीची शर्यत जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली, तेलंगणातल्या सत्ताबदलानंतर. तेव्हापासून महिंद्राला घरची शर्यत नाही.

भारतीय चालकांचंही तसंच. पहिल्या हंगामातल्या करुण चंढोकनंतर महिंद्राने भारतीय चालकाला पूर्ण हंगामाची जागा दिलेली नाही. मुंबईचा जेहान दारूवाला महिंद्राचा राखीव चालक होता. पण २०२३-२४ मध्ये तो प्रत्यक्ष शर्यतीत उतरला तो मासेरातीकडून. महिंद्राची अडचण समजण्यासारखी आहे. तळाशी असलेल्या टीमला अनुभवी चालक हवे होते, आणि डी व्रीज-मोर्तारा ही जोडी आणल्यावरच टीम वर आली. पण टीम आता स्थिरावतेय, तेव्हा हा प्रश्न पुन्हा विचारला जाणार.

मग कंपनी यात पैसा का घालते? एक उत्तर चाकणमध्ये आहे. पुण्याजवळच्या याच कारखान्यात महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक कार्स बनतात. नोव्हेंबर २०२५च्या शेवटी कंपनीने बीई ६ची 'फॉर्म्युला ई एडिशन' बाजारात आणली. रेसिंग कारची मोटर उचलून शोरूमच्या कारमध्ये बसवली जाते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसं होत नाही. पण वीज कशी वाचवायची, ब्रेकिंगमधून किती परत मिळवायची, सॉफ्टवेअरने मोटर कशी हाताळायची, ही विद्या दोन्हीकडे लागते. आणि इलेक्ट्रिक कार विकताना 'आम्ही पोर्श-जॅग्वारशी शर्यत लावतो' हे सांगता येतं. फक्त ते सांगताना चार वर्षांत जिंकलो नाही, हे विचारलं जाऊ नये असं कंपनीलाही वाटत असणार.

मग यंदा अपेक्षा किती ठेवायची?

टीमचं विश्वविजेतेपद? कठीण. पोर्श आणि जॅग्वार दोघांकडेही दोन-दोन सिद्ध चालक आहेत आणि मागे जास्त कार्सचं पाठबळ आहे. १७ शर्यतींमध्ये ते सातत्य महिंद्राने अजून दाखवलेलं नाही.

पहिल्या चारमध्ये टिकणं? शक्य आहे, पण सोपं नाही. व्हेर्न-कॅसिडीची सिट्रोएन आणि जेक डेनिसची आंद्रेट्टी याच जागेसाठी येणार. कॅसिडी गेल्या हंगामात लंडनच्या दोन्ही शर्यती जिंकला होता, दोन्ही वेळा डी व्रीजच्या पुढे. तेव्हा तो जॅग्वारचा होता.

एक विजय? ही अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पाच वेळा दुसरं येणाऱ्या टीमची गाडी मंद नसते. गेल्या वर्षी मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर, जकार्ताच्या उकाड्यात, बर्लिनच्या पावसात आणि लंडनच्या छताखालून जाणाऱ्या ट्रॅकवर ती पुढे होती. एकाच प्रकारच्या ट्रॅकवर चालणारी ती गाडी नाही.

हंगाम बघणार असाल तर तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा.

१. पात्रता फेरीत महिंद्राची किमान एक कार पहिल्या आठमध्ये येते का? पहिल्या चार-पाच शर्यतींत हे नियमित झालं, तर विजय दूर नाही.

२. शर्यतीच्या शेवटच्या दहा लॅप्समध्ये स्क्रीनवर दिसणारी ऊर्जेची टक्केवारी. पुढच्या कारपेक्षा महिंद्राकडे एक-दोन टक्के जास्त असतील, तर डाव तिच्या हातात आहे. कमी असतील, तर पहिल्या क्रमांकावर असूनही उपयोग नाही.

३. मोनॅकोचे १६ आणि १७ मे २०२६ हे दोन दिवस. तोपर्यंत निम्म्याहून जास्त हंगाम झालेला असेल. तेव्हाही महिंद्रा पहिल्या पाचमध्ये असेल आणि विजेतेपदाची आशा जिवंत असेल, तर टीम आताच्या कारवर जोर लावेल. नसेल, तर तिचं लक्ष जेन४कडे गेलेलं दिसेल.

या कारसोबत महिंद्राच्या हातात आता १७ शर्यती उरल्या आहेत. त्यानंतर सगळ्यांची पाटी पुन्हा कोरी होईल. गेल्या वेळी ती कोरी झाली, तेव्हा महिंद्रा दहाव्या क्रमांकावर फेकली गेली होती. यावेळी नव्या पिढीत शिरताना खात्यात एक ताजा विजय असेल की नाही, याचं उत्तर १६ ऑगस्टपर्यंत मिळेल.